चोळमंडलातील बौद्ध संघ

चोळमंडलातला बौद्ध संघ म्हणजे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात नांदलेला भिक्षुसंघ. पश्चिमेला उरैयूर, पूर्वेला समुद्रकाठी कावेरीपूमपट्टिणम आणि नागपट्टिणम ही दोन बंदरे, आणि मध्ये कुंभकोणमचा भातशेतीचा टापू, एवढ्या पट्ट्यात त्याचे विहार होते. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास तो चांगला स्थिरावलेला दिसतो. त्याच्याशी संबंधित अगदी उशिराची राजकीय नोंद १५८० ची असून ती कुंभकोणमच्या आदिकुंभेश्वर मंदिरात दगडावर कोरलेली आहे. म्हणजे अकराशे वर्षांची परंपरा.

महाराष्ट्राशी तुलना केली तर एक विसंगती चटकन लक्षात येते. कार्ले, भाजे, अजिंठा इथले विहार आज जागच्या जागी आहेत. संघ मात्र फार पूर्वी गेला. सगळ्यांत उशिरापर्यंत गजबजलेल्या कान्हेरीत नवव्या शतकातले, शिलाहार सामंतांच्या काळातले दानलेख सापडतात. त्यानंतर दोनेक शतकांत तिथलीही वर्दळ थांबली. कावेरीकाठी संघ त्याहून कितीतरी पुढे टिकला आणि वास्तू मात्र एकही उभी राहिली नाही. गाळाच्या प्रदेशात कातळ नाही. विहार विटांचे, आणि पडक्या विहाराच्या विटा गावाला घरे बांधायला उपयोगी पडतात. म्हणून या संस्थेचा इतिहास ग्रंथांच्या पुष्पिका, ताम्रपट, मूर्तींच्या पीठांवरच्या ओळी आणि परक्या प्रवाशांची टिपणे यांतून जुळवावा लागतो.

पहिला ठळक पुरुष आचार्य बुद्धदत्त. तो उरैयूरचा. लंकेत अनुराधपूरच्या महाविहारात शिकून तो कावेरीकाठी परतला. येताना भर समुद्रात त्याला लंकेकडे निघालेला पाली टीकाकार बुद्धघोष भेटला, आणि जे काम आपल्या हातून अपुरे राहिले ते त्याने बुद्धघोषावर सोपवले, अशी पाली परंपरेतली कथा आहे. कथा खरी असो वा नसो, दोन देशांतल्या भिक्षूंची ये-जा किती सवयीची होती हे ती सांगते. बुद्धदत्ताचा ‘अभिधम्मावतार’ कावेरीपूमपट्टिणमच्या विहारात लिहिला गेला. हा विहार कण्हदास नावाच्या उपासकाने बांधला होता. ‘विनयविनिच्छय’ हा दुसरा ग्रंथ भूतमंगल इथे, वेण्हुदासाच्या विहारात सिद्ध झाला. त्या वेळी कलभ्र कुळातला अच्युतविक्रान्त राज्य करत होता, असे ग्रंथकार स्वतः नोंदवतो. भूतमंगल म्हणजे मन्नारगुडीच्या बाजूचे पूदमंगलम असावे असे मानतात. दोन्ही दात्यांची नावे कृष्ण आणि विष्णू यांचे दास अशी आहेत. विहार बांधणारा माणूस घरात कोणत्या देवाचे नाव ठेवतो, याची त्या काळी कोणाला अडचण वाटत नव्हती.

‘विनयविनिच्छय’ हा संघाचे नियम पद्यात बांधणारा ग्रंथ आहे. विनयावरच्या मोठाल्या अट्ठकथा, म्हणजे भाष्ये, पाठ करणे नवशिक्या भिक्षूला झेपत नाही. त्याच्यासाठी हे पद्य. अशा ग्रंथाची गरज पडते तेव्हा संघात नवे लोक नियमाने येत असतात, त्यांना शिकवणारे आचार्य असतात आणि वर्षावासात एका जागी राहण्याची सोय असते. कावेरीपूमपट्टिणमच्या जागी भारतीय पुरातत्त्व खात्याने १९६० च्या दशकात उत्खनन केले, तेव्हा ओळीने खोल्या असलेला विटांचा विहार, जवळच बुद्धमंदिराचा पाया आणि चुनखडीच्या दगडातली बुद्धपादुका मिळाली. पाली ग्रंथांत वर्णिलेल्या संघाचा हा डोळ्यांनी दिसणारा पुरावा.

याच बंदराची आणि याच संघाची तमिळ कथा म्हणजे सीत्तलै सात्तनाराचे ‘मणिमेखलै’ हे महाकाव्य. गणिकेची मुलगी मणिमेखला नाचगाण्याचा वारसा सोडून भिक्षुणी होते, मणिपल्लव बेटावर तिला कधीच रिते न होणारे अमृतसुरभी हे भिक्षापात्र मिळते, ती उपाशी माणसांना जेवू घालते आणि राजाकडून तुरुंगाचे धर्मशाळेत रूपांतर करवून घेते. तिचे गुरू अरवण अडिगळ. काव्याचा शेवट कांचीत होतो. तिथे प्रतीत्यसमुत्पादाचे आणि बौद्ध तर्कशास्त्राचे धडे आहेत, आणि तर्काचा भाग दिङ्नागाच्या परंपरेतल्या ग्रंथाला इतका जवळचा आहे की काव्याचा काळ सहाव्या शतकाच्या आसपास धरावा लागतो. मंत्राच्या बळावर आकाशातून जाणे, पूर्वजन्म दाखवणारे बुद्धपीठ, समुद्रावर रक्षण करणारी मणिमेखला देवी हे सगळे काव्यात तर्काच्या शेजारीच नांदते. संघाला गूढ विद्या आणि अभिधर्म यांत विरोध वाटत नव्हता. तमिळ परंपरेने गणलेल्या पाच महाकाव्यांपैकी दोन बौद्ध आहेत; त्यांतले ‘कुंडलकेशी’ मात्र हरवले. ते खोडून काढण्यासाठी लिहिलेले जैनांचे ‘नीलकेशी’ टिकले, आणि खंडनात आलेल्या उताऱ्यांमुळेच मूळ काव्याचा काही अंदाज करता येतो.

सातव्या शतकात वारे फिरले. इ. स. ६४० च्या सुमारास दक्षिणेत आलेल्या ह्युएन त्संगाला कांचीच्या द्रविड देशात शंभरावर संघाराम आणि दहा हजार भिक्षू असल्याची नोंद करता आली. चोळ देशात मात्र त्याने पडके विहार आणि थोडे भिक्षू एवढेच लिहिले. कांचीतही सगळे आदराने पाहत होते असे नाही. पल्लव राजा पहिला महेंद्रवर्मा याच्या ‘मत्तविलास’ प्रहसनात नागसेन नावाचा भिक्षू आहे. विहारातल्या उत्तम जेवणावर खूश असलेल्या या गृहस्थाची तक्रार एवढीच, की मद्य आणि स्त्री यांना परवानगी देणारे बुद्धाचे मूळ सूत्र थेरांनी, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंनी, मत्सराने दडवून ठेवले. राजाच भिक्षूंची अशी टिंगल करतो, म्हणजे विहार श्रीमंत होते आणि लोकांच्या डोळ्यांवर येऊ लागले होते.

शैव-वैष्णव भक्तीची लाट याच शतकातली. शैव संत ज्ञानसंबंधराच्या पदांच्या गुच्छात दहावे पद बहुधा बौद्ध-जैनांच्या निंदेसाठी राखलेले असते. बाराव्या शतकात सेक्किळाराने लिहिलेल्या ‘पेरियपुराणा’त संबंधर आणि बुद्धनंदी यांच्या वादाची कथा आहे; पदाच्या सामर्थ्याने वीज कोसळून बुद्धनंदी मरतो आणि मग सारिपुत्त वाद हरून शरण येतो. वैष्णवांच्या गुरुपरंपरेत तिरुमंगै आळ्वार नागपट्टिणमची सोन्याची बुद्धमूर्ती पळवतो आणि ते सोने श्रीरंगमच्या बांधकामाला लावतो. या कथांवरून ‘संतांनी वादात हरवले आणि बौद्ध संपले’ असा सरधोपट निष्कर्ष काढण्याची पद्धत आहे. तो टिकत नाही. वाद जिंकल्यानंतरही पुढची कित्येक शतके याच भागात विहार बांधले जात होते, आणि कथाच सांगते की आळ्वारांच्या काळी नागपट्टिणमला चोरण्याजोगी सोन्याची मूर्ती होती. त्रेसष्ट नायन्मारांतला, म्हणजे शैव संतांतला, शाक्य नायनार तर भिक्षूचे वस्त्र न उतरवताच शिवभक्त झाला. तो रोज शिवलिंगावर एक खडा मारी आणि तीच त्याची पूजा ठरली. दोन पंथांमधली भिंत वाटते तेवढी उंच नव्हती.

गूढमार्गाचा सर्वांत मोठा दूत याच काळात दक्षिणेतून बाहेर गेला. वज्रबोधी (६७१–७४१) पल्लव राजाच्या संपर्कात होता; लंका आणि श्रीविजय या मार्गाने तो ७२० च्या सुमारास चीनमध्ये पोचला आणि मंत्र, मुद्रा, मंडल यांवर उभी असलेली वज्रयानी साधना त्याने व त्याचा शिष्य अमोघवज्र याने तांग दरबारात रुजवली. जपानचा शिंगोन पंथ आपली परंपरा या दोघांपर्यंत नेतो. चोळमंडलातल्या संघाचे स्वतःचे वळण मात्र मुख्यतः थेरवादी, लंकेकडे पाहणारे राहिले. जोडीला अवलोकितेश्वराची उपासना होती. हा बोधिसत्त्व राहतो तो पोतलक पर्वत ह्युएन त्संगाने दक्षिणेतच, मलय पर्वताच्या पूर्वेला सांगितला आहे.

अकराव्या शतकात संघाचे दैव समुद्रामुळे उघडले. नागपट्टिणम हे चोळांचे मोठे बंदर, आणि सुमात्रा-मलायातल्या श्रीविजयाचे व्यापारी इथे सतत येत. तिथला राजा चूडामणिवर्मा याच्या नावाने नागपट्टिणमला एक विहार उभारला गेला. त्याचा मुलगा मारविजयोत्तुंगवर्मा याने तो पुरा केला. पहिला राजराज चोळ कट्टर शैव, तंजावरचे बृहदीश्वर मंदिर बांधणारा. त्याने आपल्या कारकिर्दीच्या एकविसाव्या वर्षी, म्हणजे १००६ च्या सुमारास, आनैमंगलम हे गाव या विहाराला दिले. आज्ञा तोंडी होती. राजराजाच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा राजेंद्र याने ती ताम्रपटावर कोरवली. एकवीस पत्रे, त्यांतले पाच संस्कृत आणि सोळा तमिळ, कडीसह वजन सुमारे ३० किलो. सत्त्याण्णव वेलीहून थोडी जास्त जमीन आणि तिचा वार्षिक सारा ८,९४३ कलम भाताचा (वेली हे जमिनीचे माप, कलम हे धान्याचे). गावाची शीव हत्तीण फिरवून आखली, कोणत्या अधिकाऱ्यांनी सह्या केल्या, कोणते कर माफ झाले, हे सारे त्यात आहे. चोळांचा महसुली कारभार समजून घेणाऱ्यांनी हा ताम्रपट जितका वाचला आहे तितका बौद्ध इतिहासवाल्यांनी वाचला नाही, ही थोडी खेदाची गोष्ट.

राजेंद्राने १०२५ मध्ये आरमार पाठवून श्रीविजयाची बंदरे लुटली. ज्या राजघराण्याच्या विहाराचे दान त्याने नुकतेच तांब्यावर पक्के केले होते त्याच घराण्यावर ही स्वारी. तरीही विहाराच्या जमिनीला धक्का लागला नाही. १०९० मध्ये श्रीविजयाच्या राजाचे दोन दूत पहिल्या कुलोत्तुंगाकडे आले आणि त्यांच्या विनंतीवरून नागपट्टिणमच्या विहारांच्या गावांना पुन्हा करमाफी मिळाली. या दुसऱ्या, तीन पत्र्यांच्या ताम्रपटात विहारांची नावे ‘राजराजप्पेरुंपळ्ळी’ आणि ‘राजेंद्रचोळप्पेरुंपळ्ळी’ अशी येतात. लंकेत त्रिंकोमालीजवळच्या वेलगम विहारालाही चोळांच्या अंमलात राजराजाचेच नाव मिळाले होते. बौद्ध विहाराला शैव राजाचे नाव देणे ही धार्मिक उदारता होती की बंदराचा हिशेब, हा वाद घालण्यात अर्थ नाही. चोळांच्या राज्यकारभारात या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

विहारातले रोजचे जीवन मूर्तींच्या पीठांवरून थोडे कळते. नागपट्टिणमच्या एका कांस्यमूर्तीवरच्या तमिळ लेखानुसार ती उत्सवात मिरवायची मूर्ती असून राजेंद्रचोळप्पेरुंपळ्ळीतल्या अक्कसालै पेरुंपळ्ळीत, म्हणजे सोनारांच्या विहारात, बसवली होती. तिथे बुद्धाला ‘आळ्वार’ आणि ‘नायकर’ म्हटले आहे. शेजारच्या देवळांप्रमाणेच विहारातही उत्सव होई आणि मूर्ती वाजतगाजत बाहेर निघे. डोक्यावर ज्वालेच्या आकाराचे उष्णीष ही या मूर्तींची खूण; जावा-सुमात्रा, लंका आणि सयाम इथल्या मूर्तींशी तिचे नाते उघड दिसते.

पांडित्यही याच काळात बहरले. वीरराजेंद्र चोळाच्या राज्यात (१०६३–१०७०) बुद्धमित्र या बौद्ध ग्रंथकाराने ‘वीरचोळियम’ हे तमिळ व्याकरण लिहिले. त्यात अगस्त्याला तमिळ शिकवणारा गुरू शिव नसून अवलोकितेश्वर आहे. पाली ग्रंथकारांत चोळिय, म्हणजे चोळ देशातल्या, कस्सपाने विनयावर ‘विमतिविनोदनी’ आणि अभिधर्मावर ‘मोहविच्छेदनी’ लिहिली. तेराव्या शतकात चोळिय दीपंकर ऊर्फ बुद्धप्पिय याने ‘रूपसिद्धी’ हे पाली व्याकरण रचले. लंका आणि ब्रह्मदेशात ते पुढे शतकानुशतके शिकवले गेले. लंकेचा राजा दुसरा पराक्रमबाहू (१२३६–१२७०) याने संघाच्या शुद्धीसाठी चोळ देशातून विद्वान भिक्षू बोलावले, असे लंकेच्या ‘चूळवंस’ या इतिहासग्रंथात नोंदले आहे. चोळ राजवट तेव्हा मोडकळीला आली होती, पण संघाकडे बाहेर पाठवण्याइतके आचार्य होते.

१२७९ च्या सुमारास चोळांचे राज्य संपले. संघाच्या उत्तरकाळाची नोंद मुख्यतः परदेशी लोकांनी ठेवली. १३४९ मध्ये लिहिणारा चिनी प्रवासी वांग दायुआन एका मातीच्या, म्हणजे विटांच्या, मनोऱ्याचे वर्णन करतो. त्यावर १२६७ सालचा चिनी लेख होता. नागपट्टिणमचा पुढे ‘चिनी पगोडा’ म्हणून ओळखला गेलेला मनोरा तो हाच, असे मानले जाते. ब्रह्मदेशच्या पेगू इथल्या १४७६ च्या कल्याणी शिलालेखात लंकेहून परतणाऱ्या काही थेरांची हकीकत आहे: जहाज फुटल्यावर ते पायी नागपट्टिणमला आले, तिथे पदरिकाराम विहाराची जागा पाहिली आणि चीनच्या राजाने करवलेल्या गुहेतल्या बुद्धमूर्तीला वंदन केले. लेखात विहाराची जागा आहे, राहणाऱ्या भिक्षूंचा उल्लेख नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस संघ विरळ झाला होता असेच त्यावरून म्हणावे लागते.

कुंभकोणमचा शिलालेख यानंतर शंभर वर्षांनी येतो. तंजावरचा पहिला नायक राजा सेव्वप्प याच्या काळात तिरुमलैराजपुरम अग्रहारासाठी पाण्याचा पाट खणला गेला आणि त्यात तिरुविळंदुरै इथल्या बुद्धाच्या देवळाची जमीन गेली. भरपाई म्हणून देवळाच्या माणसाला दुसरी जमीन दिल्याचा करार शके १५०२ मध्ये आदिकुंभेश्वराच्या मंदिरात कोरला गेला. संघाच्या शेवटाबद्दल जे काही पक्के सांगता येते ते या साध्या कराराइतके दुसऱ्या कशात नाही. इथे छळ नाही, वाद नाही. ब्राह्मणांच्या अग्रहाराने बुद्धाच्या देवळाचा हक्क मान्य केला आहे. पण करारातला दुसरा पक्ष भिक्षुसंघ नसून देवळाशी जोडलेला एक माणूस आहे. श्रीविजयाचे दान, बंदरातल्या व्यापाऱ्यांचा पैसा आणि लंकेशी चालणारी आचार्यांची देवघेव हे तिन्ही आधार एकेक करून सुटले. मागे उरली ती गावातली थोडी जमीन आणि तिच्यावर चालणारी पूजा.

याच टापूतला आणखी एक पंथ असाच गेला. कुंभकोणमजवळ पट्टीश्वरम इथे राजेंद्राने राजराजाची राणी पंचवन्महादेवी हिच्या स्मरणार्थ बांधलेल्या शिवालयाची व्यवस्था लकुलीश पंडित या पाशुपत-कालामुख आचार्याकडे होती. कालामुख तर शैवच, तरी त्यांचे मठ राहिले नाहीत. तेव्हा बौद्धांच्या लोपाचे सगळे श्रेय किंवा दोष शैवांच्या पदरात टाकणे फारसे पटणारे नाही.

सतराव्या शतकात तंजावर नायकांकडून भोसल्यांकडे आले. नागपट्टिणम १६५८ पासून डचांकडे होते आणि १६७६ मध्ये एकोजीराजांनीही त्यांचा ताबा मान्य केला. आनैमंगलमचे ताम्रपट एका डच धर्मोपदेशकाबरोबर हॉलंडला गेले आणि १८६२ मध्ये लायडन विद्यापीठाकडे जमा झाले. तीन मजली ‘चिनी पगोडा’ एकोणिसाव्या शतकापर्यंत उभा होता; खलाशी त्याच्यावरून बंदर ओळखत. सर वॉल्टर एलियट यांनी तो १८४६ मध्ये पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले. जेझुइट पाद्र्यांना आपल्या कॉलेजच्या बांधकामासाठी ती जागा हवी होती. सरकारी परवानगीने १८६७ मध्ये मनोरा पाडला गेला. त्याच्या परिसरात आणि गावात १८५६ ते १९३४ दरम्यान सुमारे ३५० कांस्यमूर्ती जमिनीतून निघाल्या. त्यांतल्या बऱ्याच चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात आहेत, बाकीच्या जगभर विखुरल्या. टी. एन. रामचंद्रन यांनी १९५४ मध्ये त्यांची सचित्र सूची प्रसिद्ध केली.

दगडी मूर्तींची गोष्ट वेगळी. तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणम या भागांत शेतांच्या बांधांवर, तळ्यांच्या काठी आणि देवळांच्या आवारात पन्नासाहून अधिक बुद्धमूर्ती नोंदल्या गेल्या आहेत. गावकरी त्यांना ऋषी, मुनी, कुठे शेट्टी अशा नावांनी ओळखतात, तेल वाहतात, पावसासाठी नवस करतात. कुंभकोणममधल्या एका विनायकाच्या देवळातली बुद्धमूर्तीही अशीच ‘भगवर’ म्हणून पूजेत आहे.

संघाच्या वाङ्मयाचे पुनरुज्जीवन कुंभकोणममध्येच झाले. १८८० पासून इथल्या सरकारी कॉलेजात तमिळ शिकवणारे उ. वे. स्वामिनाथ अय्यर ‘मणिमेखलै’च्या ताडपत्रांवर काम करू लागले, तेव्हा त्यातल्या बौद्ध संज्ञा सांगणारा एकही परंपरागत पंडित त्यांना मिळेना. जैन काव्य ‘जीवकचिंतामणी’च्या वेळी गावातल्या जैन कुटुंबांनी अर्थ सांगितले होते; बौद्ध असे कोणी उरलेच नव्हते. शेवटी कॉलेजातले सहकारी मळूर रंगाचार्य यांनी इंग्रजी ग्रंथ वाचून त्यांना बुद्ध, धर्म आणि संघ यांची मांडणी समजावली. १८९८ मध्ये ‘मणिमेखलै’ छापून आले. जोडीला बौद्ध मताची ओळख करून देणारे अय्यरांचे तमिळ लेखनही होते.

त्याच वर्षी तमिळ दलित विचारवंत अयोत्तिदास पंडितर थिऑसॉफिकल सोसायटीचे कर्नल ऑल्कॉट यांच्यासह कोलंबोला गेले, हिक्कडुवे सुमंगल थेरांकडून त्यांनी पंचशील घेतले आणि परतून मद्रासमध्ये शाक्य बौद्ध संस्था सुरू केली. जुन्या चोळिय परंपरेतला आचार्य इथे कोणी नसल्याने दीक्षेसाठी लंकेलाच जावे लागले. या नव्या बौद्ध चळवळीतले पी. लक्ष्मी नरसू यांचा ‘द एसेन्स ऑफ बुद्धिझम’ हा ग्रंथ १९०७ मध्ये निघाला, आणि १९४८ मध्ये त्याची आवृत्ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रस्तावनेसह पुन्हा प्रसिद्ध झाली.